मायक्रोबिटेक्सची डागडुजी: आधी काय, मग काय

सेट घरी येऊन आठवडा होत नाही तोच फोन येतो: "पॉवर कशी वाढवू?" दुसरा फोन महिन्याभराने येतो, "आवाजाची चिप जळली, आता?" आणि तिसरा त्यानंतर केव्हातरी, जरा दबक्या आवाजात: "माझं बोलणं भलत्याच फ्रीक्वेन्सीवर ऐकू येतंय म्हणे."

हे तिन्ही फोन बहुतेक एकाच सेटबद्दल असतात. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास 'बिटेक्स' हे हौशी रेडिओ सेटचं सर्किट मांडलं. सहज मिळणारे ट्रान्झिस्टर, आणि गुंडाळी करायला चक्क नळाचा वॉशर. पुढे त्याचं तयार बोर्ड आलं, आणि २०१७ च्या डिसेंबरात 'मायक्रोबिटेक्स': ३ ते ३० मेगाहर्ट्झ, खालच्या बँडवर साधारण १० वॅट, आणि किंमत परदेशी तयार सेटच्या मानाने किरकोळ. सर्किट खुलं, प्रोग्रॅम खुला. प्रयोग करणाऱ्यांसाठीच हा सेट आहे, त्यामुळे त्यात उणिवा आहेत म्हणून रागावण्यात अर्थ नाही. त्या दुरुस्त कशा करायच्या, आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने, एवढंच इथे सांगतो.

तुमच्याकडे नेमका कोणता सेट आहे?

बोर्डावर आवृत्तीचा आकडा छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय कुणाचाही सल्ला, माझासुद्धा, ऐकू नका. जुना सेट हातोहात फिरत तुमच्याकडे आला असेल तर आणखी नीट बघा.

- आवृत्ती ३: दोन ओळींचा डिस्प्ले. आवाजासाठी टीडीए २८२२ ही आठ पायांची चिप.
- आवृत्ती ४: तोंडावळा तोच, पण ती चिप गेली आणि तिच्या जागी सुटे ट्रान्झिस्टर आले.
- आवृत्ती ५: रिलेंची मांडणी बदलली, क्रिस्टल फिल्टरही बदलला. पुढे सांगितलेल्या मोठ्या दोषांवर इथे बराच इलाज झाला आहे.
- आवृत्ती ६: बोट लावून चालणारा रंगीत पडदा.

या लेखातलं बरंचसं आवृत्ती ३ आणि ४ साठी आहे. ५ किंवा ६ असेल तर हार्मोनिकचा (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीत उमटणाऱ्या सिग्नलचा) भाग वाचा, पण मोजल्याशिवाय काहीही कापू नका.

परवान्याचं थोडक्यात

हौशी रेडिओचा परवाना हातात नसेल तर सेट उघडण्याचा विचारही नंतरचा. केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग विभागाची परीक्षा द्या आणि परवान्यासाठी सरळ संचार पोर्टलवर अर्ज करा. परवाना असेल तर स्वतःचा सेट बांधायची आणि बदलायची तुम्हाला मुभा आहे, आणि दहा वॅटचा सेट रेस्ट्रिक्टेड श्रेणीच्या मर्यादेतही आरामात बसतो. पण तुमच्या अँटेनातून जे काही बाहेर पडतं, त्याची जबाबदारी तुमची. सर्किट काढणाऱ्याची नाही, आणि सेट विकणाऱ्याची तर नाहीच.

क्रम असा ठेवा

१. आधी मोजमाप.
२. मग दुसऱ्याला त्रास देणारे दोष: हार्मोनिक आणि नको ते सिग्नल.
३. मग सेटच्या जिवावर उठणारे दोष: पुरवठा, चिप, उष्णता.
४. मग तुमच्या कानांची सोय.
५. पॉवर सगळ्यात शेवटी. वाढवायचीच असेल तर.

बहुतेक जण ही यादी खालून वर करत जातात. पॉवर दुप्पट केली की त्यासोबत घाणही दुप्पट होते, एवढंच त्यातून हाती लागतं. आणि दहाचे वीस वॅट केल्याने समोरच्याच्या मीटरवर काय फरक पडतो? ३ डेसिबल, म्हणजे अर्धा एस-पॉइंट. त्यापेक्षा ४० मीटर बँडची वीस मीटर लांबीची तार आणखी दोन मजले वर न्या.

मोजायला काय लागेल?

फार काही नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सगळं मिळेल.

- डमी लोड: १ किलोओहमचे, २ वॅटचे, कार्बन किंवा मेटल फिल्मचे २० रेझिस्टर समांतर जोडा. ५० ओहम तयार. तारेच्या गुंडाळीचे, म्हणजे वायरवाउंड रेझिस्टर चालणार नाहीत. दुकानदार "तेच आहे, घ्या" म्हणाला तरी घेऊ नका.
- पॉवर मोजायला: डमी लोडवर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावून मल्टिमीटरने डीसी व्होल्ट वाचा. आलेल्या आकड्यात ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. ३१ व्होल्ट आले तर १० वॅट.
- सिग्नल शुद्ध आहे का हे पाहायला: टायनीएसए नावाचा खिशात मावणारा स्पेक्ट्रम अॅनालायझर. विकत घेतलाच पाहिजे असं नाही. गावातल्या क्लबमध्ये एक असला तरी पुरे.

टायनीएसए मागून आणलात तर त्याच्या तोंडात थेट दहा वॅट सोडू नका. ते त्याच्या सोसण्याच्या मर्यादेच्या हजारपट होतात. डमी लोडच्या गरम टोकावरून साधारण २.४ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घेऊन सिग्नल काढा (४.७ किलोओहमचे दोन समांतर जोडले तरी चालेल). इथे ३३-३४ डेसिबल कमी होतात. पुढे आणखी ३० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावा. आता जे शिखर हार्मोनिक म्हणून दिसतंय ते सेटचं की मीटरचं स्वतःचं? आणखी १० डेसिबल घटवून बघा. सगळी शिखरं सारखीच दहा-दहाने उतरली तर ती सेटची. हार्मोनिक त्याहून जास्त कोसळलं, तर ते मीटरच्या पोटात तयार होत होतं.

आणि एक वही. प्रत्येक बदलाआधीचा आकडा, नंतरचा आकडा, तारीख. एका बैठकीत एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि सेट मुका झाला, की दोष कोणाचा हे शोधण्यात रविवार जातो.

हार्मोनिक: हा दोष आधी काढा

माझ्या आवृत्ती ३ च्या सेटवर मी ७.१ मेगाहर्ट्झवर बोलत होतो. चिंचवडच्या एका स्नेह्यांनी सहज म्हणून आपला सेट १४.२ वर नेला, आणि तिथे मी होतो. शब्द कळत नव्हते; दुसऱ्या हार्मोनिकवर एसएसबी आवाज चिरडल्यासारखा, गुरगुरल्यासारखा येतो. पण "हे तुम्हीच" असं ते खात्रीने सांगत होते, कारण मी थांबलो की गुरगुर थांबायची. मग मोर्स की दाबली. १४.२ वर स्वच्छ सूर.

सेटमध्ये चार लो-पास फिल्टर आहेत, ते नीट गुंडाळलेलेही आहेत. घोळ रिलेंचा आहे. फिल्टरमध्ये जाणारा आणि फिल्टरमधून बाहेर येणारा सिग्नल एकाच छोट्या रिलेच्या पोटात, काही मिलिमीटरच्या अंतरावरून जातात. दुसरं हार्मोनिक फिल्टरमधून जाण्याच्या भानगडीतच पडत नाही, रिलेच्या पात्यांवरून बाजूने उडी मारतं. दाराला कुलूप, पण खिडकी उघडी.

अमेरिकेत ३० मेगाहर्ट्झखालच्या हौशी ट्रान्समीटरला नको ते सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली ठेवावे लागतात. तोच आकडा आपणही डोळ्यांसमोर ठेवावा. १० वॅटवर ४३ डेसिबल खाली म्हणजे अर्धा मिलिवॅट. हार्मोनिक ३० डेसिबलच खाली असेल तर १० मिलिवॅट, म्हणजे मुभेच्या वीसपट बाहेर जातात. शिवाय ७ चं दुसरं हार्मोनिक निदान आपल्याच लोकांच्या बँडमध्ये पडतं, १०.१ चं २०.२ वर, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगणात.

इलाज तीन. मी ज्या क्रमाने सुचवीन त्याच क्रमाने देतो.

पहिला: बाहेरचा फिल्टर. सेटला हात न लावता, सेट आणि अँटेना यांच्या मध्ये एका बँडचा लो-पास फिल्टर बसवा. आपल्याकडचे निम्मे लोक ४० मीटरच्या बाहेर जातच नाहीत, त्यांच्यासाठी हा इलाज पुरेसा आहे. ७.० ते ७.२ साठी सात घटकांचा फिल्टर असा:

- दोन टोकांना २७० पिकोफॅराड, मधल्या दोन सांध्यांवर ६८० पिकोफॅराड, चारही जमिनीकडे.
- टी५०-६ या पिवळ्या टॉरॉइडवर तीन गुंडाळ्या: १९, २१ आणि १९ वेढे.
- कपॅसिटर सी०जी जातीचे किंवा सिल्व्हर मायका, १०० व्होल्ट किंवा जास्तीचे. स्वस्तातले तपकिरी चकतीचे लावाल तर पाच मिनिटांच्या गप्पांत तापतील.
- सगळं पत्र्याच्या डबीत.

वेढे मोजताना बाहेरून नव्हे, भोकातून मोजा. तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. तार एकदाच सरळ आरपार गेली तरी तो एक वेढा होतो. वर्षानुवर्षं गुंडाळ्या करणारेही इथे एकाने चुकतात. वेढे थोडे पसरवले की मूल्य कमी होतं, जवळ दाबले की वाढतं. बारीक जुळणी तशीच करायची.

फिल्टरवर ठळक अक्षरांत '४० मीटर' लिहून चिकटवा. हाच लावून १४ मेगाहर्ट्झवर बोलायला गेलात तर सगळी पॉवर उलट येऊन फायनल ट्रान्झिस्टरवर आदळेल. आणि ३.६ वर लावलात तर काहीच बिघडणार नाही, पण उपयोगही होणार नाही, ७.२ चं हार्मोनिक त्यातून मजेत निघून जाईल.

दुसरा: जादा रिले बोर्ड. सेटमधले फिल्टर सोडून देऊन नवे फिल्टर वेगळ्या बोर्डावर, आत जायला एक रिले आणि बाहेर यायला दुसरा, अशा रीतीने. चारही बँड-गटांवर फिरणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. काम दोन-तीन दिवसांचं आहे.

तिसरा: मूळ रिले बदलणं. चांगल्या विलगतेचे, नामांकित जातीचे रिले लावले की काही डेसिबल सुधारणा होते. पण बोर्डावरून रिले काढणं हे नवख्याचं काम नाही. सगळे पाय एकदम तापवून ओढायला गेलात तर भोकाच्या आतलं तांबं रिलेबरोबर निघून येतं, आणि मग बोर्ड जन्मभर लंगडतो. काढायचाच असेल तर रिलेचा बळी द्या. कटरने वरची टोपी फोडा, पाय एकेक सुटा करा, आणि प्रत्येक पाय चिमट्यात धरून वेगळा काढा. भोकं कथिल शोषणाऱ्या वेणीने साफ करा. रिले गेला तर गेला, बोर्ड परत मिळणार नाही.

२१ मेगाहर्ट्झपासून वर थांबा

हार्मोनिकचा निकाल लागला म्हणजे सेट शुद्ध झाला असं नाही. आतमध्ये सिग्नल आधी ४५ मेगाहर्ट्झवर चढतो आणि मग तुमच्या बँडवर उतरतो. या चढ-उतारात ४५ चं दुप्पट, म्हणजे ९० मेगाहर्ट्झही थोडं तयार होतं, आणि त्यातून एक भूत जन्माला येतं. त्याची फ्रीक्वेन्सी काढायला सोपं गणित: ४५ वजा तुमची फ्रीक्वेन्सी.

२८.५ वर बोलता तेव्हा भूत १६.५ वर. २४.९ वर असाल तर २०.१ वर. २१.२ वर असाल तर २३.८ वर. वरच्या गटाचा फिल्टर ३० पर्यंतचं सगळं सोडतो, त्यामुळे भूतही बिनबोभाट बाहेर. १४.२ वर ते ३०.८ वर पडतं आणि फिल्टर त्याला अडवतो. म्हणून खालच्या बँडवर ही चिंता नाही.

बाहेरून लो-पास फिल्टर लावून १६.५ चं भूत जात नाही, कारण ते मूळ सिग्नलच्या खाली आहे. खरा इलाज आतल्या कमी पॉवरच्या टप्प्यावर, शेजारी उभ्या गुंडाळ्या बदलून किंवा बँड-पास फिल्टर घालून होतो, आणि तो अॅनालायझर समोर ठेवूनच करावा लागतो. ते जमत नसेल तर माझा सल्ला सरळ आहे. आवृत्ती ३-४ वर २१, २४ आणि २८ मेगाहर्ट्झ ऐकायला ठेवा, एसएसबीवर बोलू नका. मोर्समध्ये हा सेट चढ-उतार न करता थेट त्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल बनवतो, त्यामुळे तिथे हे भूत नसतं. हार्मोनिक मात्र तिथेही असतंच.

पुरवठा आणि जळणारी चिप

तुमचा पुरवठा १२ व्होल्टचा आहे की १३.८ चा? मीटर लावून बघा. आवृत्ती ३ च्या काही बोर्डांवरची आवाजाची चिप १२ च्या वर गेलं की धूर सोडायची. चिप बदलताना सॉकेट लावा आणि तिच्या एकटीच्या पुरवठ्यात ७८०९ हा ९ व्होल्टचा रेग्युलेटर घाला. आवाज किंचित कमी होईल, चिप टिकेल.

उलट जोडणीची भीती खरी आहे, विशेषतः यूपीएसच्या सात अँपिअर-अवरच्या बॅटरीवर सेट चालवणाऱ्यांना. अंधारात, गडावर, क्लिप उलट लागते. दोन पर्याय:

- पुरवठ्यात ३ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूजच्या पुढे १एन५४०८ डायोड उलटा, पुरवठ्याला समांतर. तारा उलट लागल्या तर फ्यूज जातो, सेट वाचतो. व्होल्ट वाया जात नाहीत.
- १एन५८२२ हा शॉट्की डायोड तारेतच. फ्यूज बदलायची कटकट नाही, पण जवळपास अर्धा व्होल्ट कायमचा जातो.

मी पहिला वापरतो. आणि खिशात दोन फ्यूज.

डिस्प्लेच्या बोर्डावरचा ७८०५ हाताला चटका देतो, अशी तक्रार हमखास असते. त्याला पत्र्याचा छोटा तुकडा स्क्रूने लावा, किंवा त्याच्या आधी काही व्होल्ट पचवणारा रेझिस्टर घाला. दहा मिनिटांचं काम.

फायनल ट्रान्झिस्टर: माझी एक फजिती

शेवटचे दोन आयआरएफ५१० हे खरं तर पॉवर सप्लायसाठी बनवलेले ट्रान्झिस्टर, रेडिओत स्वस्त म्हणून वापरले जातात. त्यांना मूळ सेटमध्ये वेगवेगळे हीटसिंक असतात. ते छोटे वाटले म्हणून मी दोघांना मिळून अॅल्युमिनियमची एक जाड पट्टी लावली, छान घट्ट आवळली. बायस मोजला, अगदी बरोबर. पीटीटी दाबून बोललो तर पॉवर शून्य, आणि पट्टी मात्र तव्यासारखी.

कारण ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजेच त्याचा ड्रेन. दोन्ही ड्रेनवर डीसी १२ व्होल्टच असतात, म्हणून मीटरला काही वावगं दिसलं नाही. पण रेडिओ सिग्नलच्या दृष्टीने एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि माझ्या पट्टीने दोघांना एकमेकांच्या गळ्यात बांधलं होतं. अभ्रकाचा पापुद्रा आणि प्लास्टिकचं बूच घातलं की प्रश्न मिटला. तीच पट्टी डबीच्या पत्र्याला टेकली असती तर थेट शॉर्ट झाला असता.

बायस लावण्याची रीत:

१. डमी लोड लावा, माइक काढून पीटीटी वेगळ्या बटणाने द्या.
२. पॉवर अॅम्प्लिफायरच्या पुरवठ्याची तार वेगळी आहे; तिच्यात अँमीटर घाला.
३. आरव्ही२ आणि आरव्ही३ हे दोन्ही प्रीसेट किमान टोकाला न्या. कोणत्या बाजूला किमान, हे तुमच्या आवृत्तीच्या नकाशात पाहून खात्री करा.
४. पीटीटी दाबा, एका प्रीसेटने करंट १०० मिलिअँपिअर वाढवा.
५. दुसऱ्याने आणखी १००.

हात हलका ठेवा. प्रीसेट पाव फेऱ्यात ५० वरून ८०० वर जाऊ शकतो. आयआरएफ५१० स्वस्त आहेत, दहा घेऊन ठेवा. पण नाव पुसून नवं छापलेला मालही बाजारात फिरतो, म्हणून सगळे एकाच दुकानातून घेऊ नका.

कानांची सोय

पीटीटी दाबताना आणि सोडताना "ठप्" असा दणका बसतो. रिले फिरेपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत आवाजाचा टप्पा उघडाच असतो म्हणून. एका २एन७००० ने तो जातो. ड्रेन व्हॉल्यूमच्या गरम टोकाला, सोर्स जमिनीला. ट्रान्समिटच्या वेळी १२ व्होल्ट येणाऱ्या तारेवरून एक १एन४१४८ आणि १ किलोओहम घेऊन गेटला. गेट आणि जमीन यांच्यात ०.४७ मायक्रोफॅराड आणि १०० किलोओहम समांतर. दाबताच आवाज बंद होतो, आणि सोडल्यावर ऐंशी-नव्वद मिलिसेकंद बंदच राहतो, तोवर रिले आपापल्या जागी बसलेले असतात. मोर्सवाल्यांनी आधी साइडटोन कुठे येऊन मिळतो ते पाहावं आणि ट्रान्झिस्टर त्याच्या अलीकडे लावावा, नाहीतर स्वतःची टिकटिकही बंद होईल.

सेटमध्ये एजीसी नाही. दूरचं कुजबुजणारं स्टेशन ऐकायला व्हॉल्यूम वाढवलात आणि शेजारच्या गल्लीतला हॅम बोलायला लागला, की हेडफोन फेकून द्यावासा वाटतो. तयार एजीसी बोर्ड मिळतात, चांगलेही असतात. पण आधी दोन स्वस्त उपाय करून बघा: हेडफोनच्या तारांवर एकमेकांना उलटे जोडलेले दोन १एन४१४८, म्हणजे आवाज एका मर्यादेपुढे जातच नाही, आणि फक्त रिसीव्हच्या वाटेवर १ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर, म्हणजे सिग्नलच कमी घेता येतो. ट्रान्समिटची पॉवर ज्या तारेवरून जाते तिच्यावर ते चुकूनही येऊ देऊ नका. संध्याकाळी ७.२ च्या वर प्रसारण केंद्रं गर्जायला लागतात तेव्हा हे बटण एजीसीपेक्षा जास्त कामाला येतं, असा माझा अनुभव.

प्रोग्रॅम बदलताना

मेंदू म्हणजे आर्डुइनो नॅनो, त्यामुळे दुसरा प्रोग्रॅम भरणं सोपं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं. दोन गोष्टी पाळा.

- आधी जुन्या प्रोग्रॅममधले कॅलिब्रेशन आणि बीएफओचे आकडे वहीत उतरवून घ्या. ते पुसले गेले की पहिल्यापासून जुळणी.
- आवृत्ती ३-४ चा क्रिस्टल फिल्टर १२ मेगाहर्ट्झचा, ५ पासून ११.०५९ चा. जुन्या सेटचा प्रोग्रॅम नव्यात भरला तर सेट पूर्ण बहिरा होतो, आणि मालक हार्डवेअर उचकटत बसतो.

बीएफओ जुळवायला मोबाइलवरचं आवाजाचा आलेख दाखवणारं कुठलंही फुकट अॅप चालतं. अँटेनाचा नुसता खरखराट ऐकवा. आलेखाचा डोंगर ३०० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन ३,००० च्या आत उतरला पाहिजे. फ्रीक्वेन्सी तपासायला रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम वेळ-केंद्राची टिकटिक पकडा.

शेजाऱ्याची तक्रार आली तर

आधी ट्रान्समिट बंद. वाद नंतर. मग शेजाऱ्यालाच बोलवा, त्याच्या समोर सेट डमी लोडवर चालवा. त्याच्या स्पीकरमधली गुरगुर चालूच राहिली तर कारण दुसरंच आहे, किंवा तुमच्या पुरवठ्याच्या तारांतून सिग्नल घरभर फिरतोय. तारांवर फेराइटच्या कड्या चढवा. डमी लोडवर थांबली आणि अँटेनावर परत आली, तर वहीतले हार्मोनिकचे आकडे काढा. ते ४३ डेसिबलच्या खाली असतील तर तुमची बाजू भक्कम आहे. दोष बहुधा शेजाऱ्याच्या स्वस्त स्पीकरचा असतो, पण फेराइटची एक कडी तुम्हीच त्याला भेट द्या. वीस-पंचवीस रुपयांत गच्चीवरची अँटेना वाचते.

सेट विकताना

बदललेला सेट पुढे देताना झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कोणता भाग काढला, कोणता घातला, कोणत्या तारखेला, कोणत्या बँडवर मोजून पाहिलं, कोणत्या बँडवर बोलू नये. वही पण द्या. मला माझा दुसरा सेट असाच मिळाला, त्यात नुसता एक लाल ठिपका होता पुढच्या पट्टीवर, २८ च्या शेजारी. त्याचा अर्थ कळायला मला दोन महिने लागले.